पालखीच्या यादीवर पहारा

आत्माराम नाना एस.टी.तून निवृत्त झाले तेव्हा खेड डेपोतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि एक भिंग दिलं. भिंग थट्टेनं दिलेलं होतं. नानांनी ते मनापासून घेतलं आणि घरी आल्यावर पहिल्यांदा त्यातून शाल तपासली.

त्यांचा तरी काय दोष? वाहतूक नियंत्रकाच्या खुर्चीत सारी हयात गेलेली. 'गाडी पंक्चर झाली' म्हणणारा ड्रायव्हर नाक्यावर भजी खात बसलेला असतो, 'आई अंथरुणाला खिळली' म्हणणाऱ्या कंडक्टरची आई दापोलीच्या बाजारात सुकी मासळी निवडताना भेटते, हे बघून बघून नानांचं एक तत्त्वज्ञान तयार झालं होतं. माणूस सांगतो ते कारण नसतं, सबब असते. त्याला एक पोटनियमही होता. संशय आला म्हणून लगेच बोलायचं नाही. पुरावा साठू द्यायचा. पुरेसा साठला की मग झडप.

हे तत्त्वज्ञान घेऊन नाना आपल्या गावी, चिंचवळ्याला परतले आणि गावानं त्यांना देवस्थानाचे सेक्रेटरी केलं. दुसरं कोणी तयार नव्हतं, हेही एक कारण होतं. किंवा सबब.

चिंचवळ्यात वाड्या दोन, वरची, म्हणजे नानांची, आणि खालची. मधून एक पऱ्या वाहतो. पऱ्याला पाणी चार महिने आणि भांडण बारा महिने. भांडणाचा विषय पूर्वापार एकच: शिमग्यात देवीची पालखी कोणाच्या घरी कधी. निम्मं गाव मुंबईत नोकरीला. चाकरमान्याला साहेब रजा देणार मोजून, आणि पालखी अंगणात आली तेव्हा घरचा मुलगा खांदा द्यायला नसेल तर आईनं ओटी भरायची कोणाच्या तोंडाकडे बघून? पूर्वी घरांचा क्रम खालच्या वाडीचे मानकरी तोंडी सांगत. तो असा असे की त्यांची घरं रंगपंचमीपर्यंत आटपत आणि वरच्या वाडीतली षष्ठीनंतर सुरू होत. तोवर वरच्या वाडीचे चाकरमानी मुंबईच्या गाडीत बसलेले असत. एके वर्षी वरच्या वाडीनं पालखी वर ओढली, खालच्या वाडीनं खाली ओढली, आणि देवी अख्खी दुपार पऱ्यात उभी राहिली.

त्यावर उपाय म्हणून नानांनी देवळाच्या ऑफिसात एकमेकांना जोडलेले दोन संगणक आणले. रत्नागिरीला साळवी स्टॉपजवळ दुकान असलेल्या दीपालीनं त्यात गावाचा डेटाबेस बांधून दिला. प्रत्येक घराची नोंद, घरातल्या माणसांचा फोटो, मुंबईकराची रजा कोणत्या तिथीची. बटण दाबलं की ज्याची रजा जेव्हा, त्याच्या दारी पालखी तेव्हा, अशी यादी छापून येई. दोन शिमगे शांततेत गेले. इतके शांततेत, की लोकांना करमेना.

तिसऱ्या वर्षी, पौषात, नाना आपल्या घराची नोंद सहज बघायला गेले. नाना सहज असं काही करत नसत, पण ते तसं म्हणत. त्यांचा मुलगा नितेश डोंबिवलीला असतो, औषधांच्या कंपनीत. गेले तीन शिमगे त्याला रजा मिळाली नव्हती. यंदा तृतीयेची मिळाली होती आणि नानांनी स्वतःच्या हातानं 'तृतीया' घातली होती.

पडद्यावर 'पंचमी' होती.

नानांनी चष्मा पुसला. मग भिंग आणलं. भिंगातून पंचमी आणखी मोठी दिसली.

तृतीयेला पोरगा येणार, चतुर्थीला परत जाणार आणि पंचमीला देवी दारात येणार. म्हणजे चौथं वर्ष. हे कोणी केलं ते समजायला कौल लावायची गरज नव्हती. संगणकावर दोनच माणसं बसत. पार्टिशनच्या अलीकडच्या मशीनवर नोंदी करायला नेमलेली योगिनी आणि पलीकडच्या मशीनवर नाना स्वतः. आणि ही योगिनी कोण? खालच्या वाडीच्या बाबल्याची पुतणसून. बाबल्या म्हणजे मानकऱ्यांचा म्होरक्या, नानांचा बिगरीपासूनचा सोबती आणि तेव्हापासूनचा वैरी. झालं, गाडी कुठल्या फाट्यावरून वळली ते नानांना स्वच्छ दिसलं.

पण बोलायचं नाही. नानांनी मुकाट्यानं पंचमीची तृतीया केली आणि दीपालीला फोन लावला.

"मला पहारा पाहिजे."

"देवळात? मग माणूस ठेवा की, नाना."

"संगणकात. कोणी कुठल्या घराची नोंद उघडली, की उघडणाऱ्याचं नाव, वेळ आणि त्या नोंदीची अख्खी नक्कल जमा झाली पाहिजे."

"अख्खी? फोटोसकट?"

"पुरावा म्हणजे पुरावा. अर्धवट काय कामाचा?"

दीपालीनं घरबसल्या पहारा लावून दिला. दुसऱ्या दिवशी नानांनी बघितलं, परत पंचमी. नानांनी तृतीया केली. तिसऱ्या दिवशी परत पंचमी. मग नानांनी शिस्तच घालून घेतली. सकाळी देवपूजेनंतर आणि संध्याकाळी चहानंतर पार्टिशनमागं जाऊन बसायचं, गावातलं घर न् घर उघडून कोणी कुठं हात घातलाय का बघायचं, आपल्या घराची पंचमी झाली असेल तर तृतीया करायची आणि बाहेर येऊन योगिनीला गोड आवाजात विचारायचं, "काय गो, बरं चाललंय ना?"

"हो नाना," योगिनी म्हणायची. चेहरा असा निष्पाप, की नानांना खेड डेपोतले नामांकित कंडक्टर आठवत.

पौष गेला, माघ गेला. पुरावा साठत होता.

फाल्गुन लागला. रविवारी गावकी बसायची होती, तिथं यादी वाचायची. बुधवारी योगिनीनं बटण दाबलं. यादी आली नाही. एक चौकोन आला आणि त्यात इंग्रजी ओळ.

"सिस्टिम रिसोर्स एक्सीडेड," योगिनीनं वाचलं.

दारात बाबल्या उभाच होता. तो असा मोक्याच्या वेळी दारात कसा असतो, हा नानांच्या जुन्या संशयांपैकी एक.

"काय म्हणतंय आत्म्या तुझं मशीन?"

"काय नाय. झेपत नाय म्हणतंय."

"तुला झेपत नाय ता त्याला काय झेपणार!" बाबल्या आत येऊन बाकावर बसला. "मी काय सांगतो ता ऐक. रविवारपर्यंत यादी छापलीस तर छापलीस. नायतर पूर्वीसारखा क्रम मी तोंडी सांगणार. माझ्या तोंडाला वीज लागत नाय. आणि सेक्रेटरीची खुर्ची पण पऱ्यापलीकडं नेऊया म्हणतो. तुलाही आता उतारवय."

"तू माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा आहेस."

"म्हणून तर मला अनुभव जास्त."

बाबल्या गेला. जाताना पुतणसुनेकडे बघून हसला. नानांनी त्या हसण्याची मनात नोंद केली. इतका पुरावा साठत आला आणि नेमकं आत्ताच मशीन बसतं? पुरावा बुडवण्याचा हा डाव होता, दुसरं काय.

पुढचे दोन दिवस उपायांचे गेले. मशीन बंद करून चालू केलं. मशीनमधली नको ती गाणी काढली. व्हायरस तपासला, निघाले तीन, पण ते म्हणे साधे होते. गुरुवारी नानांनी रत्नागिरीहून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरकडून मेमरी मागवून बसवून घेतली. फाईल उचलून पार्टिशनपलीकडच्या मशीनवर नेली, तर चूकही फाईलबरोबर तिकडे गेली. वरच्या वाडीतल्या कोणीतरी मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली, त्यातली मिरची कोणीतरी जेवताना नेली. फाईल उघडे, एकेक घर दिसेही, पण यादी मागितली की तोच चौकोन.

शुक्रवारी बाबल्यानं देवळात माणसं जमवली आणि कौल लावायला सांगितलं. धोंडू गुरवानं देवीला फुलं चिकटवली, डोळे मिटले.

"गे माये, देवळातल्या मशीनला जी बाधा झाली, ती माणसाच्या हातची असेल तर उजवं दे."

उजवं फूल टपकन पडलं. माणसं सरसावून बसली.

"हात गावातला असेल तर उजवं दे."

परत उजवं. आता प्रत्येकजण शेजाऱ्याच्या हाताकडं बघू लागला.

"विचार, विचार!" बाबल्या म्हणाला. "वरच्या वाडीतला की खालच्या?"

धोंडूनं डोळे उघडले, दोन्हीकडची तोंडं न्याहाळली आणि उरलेली फुलं पंच्यात बांधली. "ता विचारायचं नाय. देवीला सगळं ठाऊक हाय. पण मला ह्याच गावात ऱ्हायचंय."

संध्याकाळपर्यंत वरच्या वाडीत योगिनीचं नाव झालं. 'बाबल्याची पुतणसून, तीच बसते मशीनवर, आणखी कोणाचा हात असणार?' कोणी तोंडावर बोललं नाही, पण ती पाण्याला गेली तेव्हा नळावरच्या बायका एकदम गप्प झाल्या. कालपर्यंत सून एवढी शिकलेली म्हणून मिरवणाऱ्या सासूनं तिला विचारलं, "तू ती नोकरी सोडतेस की तुला सोडवणार, तेवढं रविवारच्या आधी सांग."

नानांच्या कानावर हे आलं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण आपला संशय गावानं आपल्याआधी बोलून टाकला, याचं त्यांना जरा वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी दीपाली स्कूटरवरून आली. चाळिशीची बाई, तोंडात बडीशेप, बोलणं सडेतोड. नानांनी आधी तिची स्कूटर, मग तिची पिशवी न्याहाळली आणि मग तिला आत घेतलं. बुधवारी फोन केला, शनिवारी उगवते, हेही त्यांच्या डोक्यात होतंच.

"मेमरी कोणी वाढवली?"

"मी. दुप्पट केली."

"फरक पडला?"

"पडला. चूक लवकर दिसायला लागली."

दीपालीनं इकडे तिकडे चार ठिकाणी बघितलं. "डिस्क निम्म्याहून रिकामी आहे."

"मग जागा नाय म्हणून ओरडतंय कशाला? कोणीतरी आतून अडवतंय. मी सांगतो ना."

"थांबा हो. नाना, रस्ता चौपदरी केला म्हणून लाल गाडीत सीटा वाढतात काय?"

"कशा वाढतील?"

"तसंच आहे. डिस्क हा रस्ता. ही फाईल म्हणजे गाडी. दोन जीबी भरले की फुल. त्याच्यावर एक पॅसेंजर घेत नाही. टपावर नाही, दारात लोंबकळून नाही. यादी बनवायला तिला थोडी जागा लागते, तीसुद्धा उरलेली नाही. म्हणून ओरडतेय."

हे नानांना पटलं. फुल गाडी त्यांना कळत होती. "मग उतरवा थोडी माणसं."

दीपालीनं मागल्या दोन वर्षांचे पालखीचे फोटो पुसले. फाईलचा आकार बघितला. होता तेवढाच. नानांचे डोळे बारीक झाले.

"पुसलंस ना?"

"पुसलं."

"मग गाडी रिकामी का नाय झाली?"

"पॅसेंजर उतरले, पण सीटवर रुमाल टाकून गेले. कोणी बसलेलं नाही आणि कोणाला बसताही येत नाही."

सीटवरच्या रुमालाशी नानांनी हयातभर झुंज दिली होती. ते खुर्ची पुढं ओढून बसले. "रुमाल उचलायचे कसे?"

"कॉम्पॅक्ट करायचं. पण त्याला गाडी डेपोत उभी पाहिजे, आत एकही माणूस नको. योगिनी, बाहेर पड गो."

योगिनीनं आपल्या मशीनवरची फाईल बंद केली. एका रात्रीत तिचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. दीपालीनं कॉम्पॅक्टचं बटण दाबलं. मशीन म्हणालं, नाही जमणार, आत अजून कोणीतरी आहे.

नाना उठून उभे राहिले. दाराला आतून कडी घातली. "बघा! पहिल्या दिवसापासून सांगतोय! कोण आहे?"

"नाव दिसतंय."

"मोठ्यानं वाच."

"आत्माराम."

बाहेर देवळाच्या पायरीवर कोणीतरी नारळ फोडला.

"माझ्या नावानं कोण बसलंय?"

"तुम्हीच. पार्टिशनपलीकडचं मशीन चालू आहे."

"ते चालूच असतं. देवळातलं मशीन आहे. नंदादीप विझवतात काय?"

"नंदादीपात तेल घालतात, नाना. तुम्ही ह्यात काय घालताय बघू दे." दीपाली पार्टिशनमागं गेली. पलीकडून बडीशेप चावल्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "सापडला."

"कोण?"

"रोज दोनदा येतो. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. आला की गावातलं एकही घर सोडत नाही, सगळी उघडून बघतो. आणि उघडली नोंद की पहारेकरी काढतो तिची नक्कल, फोटोसकट. पौषापासून चाललंय. नाना, कोणी शिरलंय का बघायला तुम्ही शिरता आणि पहारा तुम्हांलाच धरून ठेवतो. ह्या गाडीत गाव मागच्या दोन सीटांवर बसलंय. बाकी सगळा तुमचा संशय आहे."

अशा वेळी ड्रायव्हर कोणत्या सबबी सांगत त्या नानांना आठवत होत्या, पण त्या सगळ्या त्यांनी स्वतःच नामंजूर केलेल्या होत्या.

"पहाऱ्याच्या नकला पुसते, रुमाल उचलते, यादी येईल," दीपाली म्हणाली.

नानांनी मागोमाग जाऊन माऊसवर हात ठेवला. "नाय. तो पुरावा आहे."

"मग पुरावा ठेवा नायतर पालखी ठेवा. दोघं ह्या गाडीत मावत नाहीत."

"पेनड्राइव्हवर काढून दे."

"देते की. उद्या गावकीत वाचून दाखवाल? पानोपानी तुमचंच नाव आहे."

"माझं एकट्याचं नाय!" नानांचा आवाज चढला. दोन महिने साठवलेली झडप ही अशी, पार्टिशनला धरून, भलत्याच वेळी बाहेर पडली. "हिचं पण आहे. विचार हिला. माझ्या घराची तारीख रोज कोण बदलतं? पोरगा तीन वर्षं आला नाय आमचा. चौथं वर्ष पण बुडवायचं सांगितलंय काय तुझ्या चुलतसासऱ्यानं?"

योगिनी उभी राहिली. रडेल असं वाटलं, पण ती चिडली होती.

"मी बदलते! तुमच्या घरच्या काकींनीच सांगितलं मला. गिरणीवर भेटल्या तेव्हा. नितेशदादांची रजा आता पंचमीची झाली, तेवढं घाल म्हणून. मी घातलं. दुसऱ्या दिवशी बघते तर परत तृतीया. मी रोज पंचमी करते, रोज तृतीया होते. मला वाटलं हे सॉफ्टवेअरच विसरतंय. दीपालीताईंना फोन पण केला होता मी."

"केला होता," दीपाली म्हणाली. "मी म्हटलं, बंद करून चालू कर."

"रोज करते," योगिनी म्हणाली.

नानांनी दाराची कडी काढली. "काही पुसू नको. घरी जाऊन येतो."

नानांची बायको सगुणाकाकी पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. नानांनी चप्पल काढली नाही.

"नितेशचा फोन आला होता काय?"

"कुठला? फोन काय, येतातच."

"पंचमीचा."

"तो होय? तो पौषात आला. कंपनीत तपासणी आहे म्हणे, रजा दोन दिवस पुढं ढकलली."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच्या साहेबाला फोन लावला असतात." काकींनी वालाचं साल बाजूला टाकलं. "मागं लावलात. वर्षभर साहेब पोराला म्हणत होता, थांब, तुझ्या वडलांना विचारून सांगतो."

"आणि योगिनीला सांगितलंस? खालच्या वाडीतल्या पोरीला?"

"ती ऐकते. तुम्ही तपासता."

नाना पायरीवर बसले. समोर काजूच्या झाडाला मोहोर होता, त्यावर मधमाश्या होत्या, आणि त्या तरी खरंच मध गोळा करायला आल्या होत्या की काय, असं त्यांना वाटून गेलं. त्यांनी खिशातून फोन काढला. साहेबाचा नंबर अजून होता. अंगठा त्यावर गेला.

काकींनी वाल सोलायचे थांबवले. नुसत्या बघत राहिल्या.

फोन परत खिशात गेला.

"गावभर तपासत फिरता," काकी म्हणाल्या. "चूल तेवढी राहिली. जेवून जाताय की तसेच?"

"आलोच," नाना म्हणाले आणि ऑफिसात जाऊन दीपालीला एकच शब्द म्हणाले, "पूस."

तिनं पुसलं. नानांनी स्वतःच्या हातानं पलीकडचं मशीन बंद केलं, आणि का कोण जाणे, बंद केल्यावर त्याला नमस्कार केला. रुमाल उचलले गेले. फाईल एवढीशी झाली. योगिनीनं बटण दाबलं आणि प्रिंटर कुरकुरला.

रविवारी गावकी बसली. नानांनी यादी उघडली, तोच बाबल्यानं हात वर केला.

"यादी मागाहून. कौलानं सांगितलंय, माणसाचा हात आणि गावातला. तो हात कोणाचा ता आधी कळूदे. मशीन बुधवारी मरतं आणि शनिवारी जितं होतं, ह्याच्यात काय काळंबेरं असल्याशिवाय?"

वरच्या वाडीच्या सगळ्या माना एकदम खांबाकडं वळल्या. खांबाला टेकून योगिनी उभी होती, छापलेल्या यादीच्या प्रती छातीशी धरून. शेजारी तिची सासू, जमिनीकडं बघत.

नानांनी घसा साफ केला. "हात माझा."

सगळ्या माना खांबावरून नानांकडं वळल्या.

"मी पहारा लावला होता. पहाऱ्याच्या नकलांनी मशीन भरलं. योगिनीनं काय केलं नाय. उलट चुकीची तारीख बरोबर करत होती. माझ्याच घराची."

धोंडू गुरवानं देवीकडं बघून मान डोलावली. कौल बरोबर आल्याचा त्याला आनंद झाला असावा. बाकी सभेत मात्र कुजबुज सुरू झाली, आणि नानांना वाटलं होतं त्यापेक्षा ती फारच वेगळी होती.

"कोणाला तरी पाठीशी घालतोय."

"नाना? आणि स्वतःहून चूक कबूल करणार?"

"काहीतरी मोठं असणार आत."

बाबल्या उठून नानांच्या अगदी समोर आला. "आत्म्या, चौथीत मास्तरांची खुर्ची मोडलीस तेव्हा माझं नाव सांगितलंस. पाटलाच्या आंब्यावर चढलास तेव्हा माझं नाव सांगितलंस. जन्मात पहिल्यांदा तू स्वतःचं नाव सांगतोयस. काय शिजतंय ता सांग."

"काय शिजत नाय. खरं सांगतोय."

"ताच म्हणतो मी! का?"

नाना जसजसे समजावू लागले तसतसा संशय वाढू लागला. रुमालाचं सांगितलं, तर 'हे रुमालाचं मधेच कुठनं आलं' असं झालं. शेवटी योगिनीनंच पुढं होऊन यादी मोठ्यानं वाचायला घेतली. घर, माणूस, तिथी. प्रत्येकजण आपल्या घराला कान लावून बसला. प्रत्येकाची तिथी बरोबर निघाली. यात कुठं गोम आहे ते कोणालाच सापडेना, म्हणून सगळे नाराज झाले आणि यादी मंजूर झाली. नाव आता नानांचं झाल्यामुळं योगिनीचं राहून गेलं. सासूनं तिच्या हातातल्या उरलेल्या प्रती घेतल्या आणि स्वतः वाटायला सुरुवात केली.

"एक अट," बाबल्या म्हणाला. "सेक्रेटरी ऱ्हा तू. पण ह्यापुढं मशीनवर पहारा पाहिजे. आणि तो खालची वाडी ठेवणार. मी स्वतः बसून रोज बघणार, कोण कुठल्या घरात शिरतो ता."

"सगळी घरं?" नानांनी विचारलं.

"एकूण एक. दोनदा."

यादी ऐकायला मुद्दाम आलेल्या दीपालीनं नानांकडं बघितलं. नानांनी सांगायला तोंड उघडलं, क्षणभर विचार केला आणि मिटलं. साठू दे.

पंचमीला ढोल वाजत पालखी नानांच्या अंगणात आली. पुढच्या दांड्याला नितेश होता, घामानं भिजलेला, खांद्यावर पंचा. त्यानं पालखी अशी नाचवली की देवीच्या चांदीच्या मुखवट्यावर अख्खं अंगण गरगर फिरलं. काकींनी ओटी भरली. नाना बाजूला उभे होते. त्यांनी हळूच काकींना विचारलं, "रजा पगारी आहे ना? नायतर खोटं सांगून आला असेल."

"हात जोडा," काकी म्हणाल्या.

धोंडू गाऱ्हाणं घालू लागला. "गे माये, ह्या घरात कोणाच्या मनात कोणाविषयी काय किंतू असेल, तो काढ आणि सगळ्यांस एका विचारात आण!"

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडलं.

सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले. नानांनीही मिटले. मग बाबल्यानं खरंच मिटलेत की नाही ते बघायला त्यांनी एक किलकिला केला. पालखीपलीकडे, दांड्याला टेकून, बाबल्याचाही एक उघडा होता.